पऱ्याची वीज आणि कोयनेचं अवजल

देवरुखच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका ताईंनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. घरामागून पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, वाहतो, पावसात त्याचा आवाज रात्रभर येतो आणि नेमकी त्याच रात्री लाईट गेलेली असते. या पाण्यावर घरापुरती वीज होईल का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्यांच्या मुलाचा आहे. त्याचं म्हणणं, पाण्याची वीज आता जुनी झाली, धरणांनी माणसं उठवली, छपरावर सौर पॅनेल बसवलं की काम झालं. मग जलविद्युतेला अक्षय ऊर्जा म्हणून एवढा मान कशासाठी?

ताई, माझी तीसेक वर्षं जलविद्युत केंद्रांत गेली, त्यातली बरीचशी कंट्रोल रूममध्ये पाळ्या करण्यात. निवृत्तीनंतर मी वाड्यावस्त्यांवर लहान संच बसवून देतो. त्यामुळे दोन्ही प्रश्न माझ्या हाताखालून गेलेले आहेत, आणि माझ्या लेखी त्यांचं मूळ एकच आहे. पाण्याच्या विजेचा मोठा फायदा ती स्वस्त पडते हा नाही. पाणी उंचावर थांबवून ठेवता येतं आणि हव्या त्या मिनिटाला खाली सोडता येतं, हा तो फायदा. कोयनेकडे तो आहे, तुमच्या पऱ्याकडे नाही. पऱ्याकडे वेगळा गुण आहे, तिथे मी शेवटी येतो.

आधी एक हिशेब करू. तुमच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असेल. जमिनीपासून पाच मीटर उंच धरा. ती भरलेली टाकी पूर्ण खाली सोडली आणि पाण्याचा एक थेंबही वाया गेला नाही असं मानलं, तरी त्यातून नऊ वॉटचा एक एलईडी बल्ब जेमतेम दीड तास चालेल. बस, एवढंच. म्हणून कोणी गच्चीच्या टाकीवर वीज करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आता तेच हजार लिटर पाणी कोयना धरणाच्या तळ्यातून, शिवसागरातून घ्या. ते अधिजल भुयारातून, म्हणजे डोंगरातून पाणी आणणाऱ्या बोगद्यातून, दाबाचे हिसके झेलणाऱ्या उल्लोळ विहिरीपर्यंत येतं आणि तिथून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली चिपळूण तालुक्यातल्या पोफळी गावाच्या भूमिगत विद्युतगृहात उतरतं. तिथे त्याचं एक युनिटाहून थोडं जास्त होतं. पोफळीतून निघालेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवलंय. तिथून ते आणखी शंभर-एकशेदहा मीटर उतरून अलोऱ्याच्या विद्युतगृहात, म्हणजे कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात, पुन्हा यंत्र फिरवतं आणि आणखी पाव युनिट देतं. म्हणजे एका टाकीमागे १.४ युनिटाच्या आसपास. टाकी तीच, पाणी तेच. फरक फक्त उंचीचा.

सह्याद्रीचा पश्चिमेकडचा कडा इतका सरळ तुटलेला नसता तर कोकणात जलविद्युत झालीच नसती. देशावर धरणं पुष्कळ आहेत, पण तिथे पाणी धरणाच्या पायथ्याशीच पडतं. कोयनेच्या धरणाची स्वतःची उंची १०३ मीटर आहे आणि त्याच्या पायथ्याच्या विद्युतगृहाची क्षमता चाळीसेक मेगावॉट. त्याच तळ्याचं पाणी डोंगर फोडून कोकणात उतरवल्यावर चारही टप्पे मिळून क्षमता १,९०० मेगावॉटच्या वर जाते. पहिला टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भरलेल्या तळ्याच्या तळाशी खालून सुरुंग लावून बोगद्याचं तोंड उघडलं, म्हणजेच लेक टॅपिंग केलं. आशियात असं पहिल्यांदाच झालं. नंतर २०१२ मध्ये ते दुसऱ्यांदा केलं. धरण रिकामं न करता हे काम झालं, याचं आम्हा लोकांना आजही अप्रूप वाटतं.

आता तुमच्या मुलाच्या मुद्द्याकडे येतो. सौर पॅनेल बसवाच. पण संध्याकाळी साडेसहाला काय होतं ते त्याला सांगा.

आमच्या पाळीत ती वेळ सगळ्यात धावपळीची. सूर्य उतरतो, घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही लागतात, गिरण्या चालू असतात. मागणी चढते आणि सौरवीज त्याच तासात शून्याकडे जाते. राज्यभरच्या विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या कळव्याच्या भार प्रेषण केंद्राचा फोन येतो, 'दोन मशीन घ्या.' मग क्रम सुरू होतो. कूलिंगचं पाणी चालू, तेलाचा पंप चालू, ब्रेक सुटले. स्फेरिकल व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याची मुख्य झडप, उघडताना बुटाच्या तळव्यातून घरघर कळते. नोझलची सुई मागे सरकते आणि पाण्याचा झोत पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळायला लागतो. पावणेपाचशे मीटरच्या दाबाखाली त्या झोताचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या जवळ असतो. चक्र फिरतं, वेग चढतो. मग सगळी नजर सिंक्रोस्कोपवर, म्हणजे यंत्राची लय वीजजाळ्याच्या लयीशी जुळली का ते दाखवणाऱ्या तबकडीवर. त्याचा काटा घड्याळासारखा सावकाश फिरत असतो. तो बाराच्या अगदी जवळ आला की ब्रेकर लावायचा, म्हणजे यंत्र जाळ्याला जोडायचं. जरा आधी किंवा जरा नंतर लावला तर यंत्राला असा हिसका बसतो की पाया हादरतो. नीट बसला तर काहीच कळत नाही, फक्त मेगावॉटचा काटा वर सरकायला लागतो. फोन ठेवल्यापासून पूर्ण भारापर्यंत काही मिनिटं लागतात. थंड पडलेला कोळशाचा संच पेटवून त्याच भारावर आणायला अर्धा दिवस सहज जातो.

ही तत्परता किती मोलाची असते ते ५ एप्रिल २०२० च्या रात्री दिसलं. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करा, असं देशभर आवाहन झालं होतं. काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटनी खाली आली आणि पुन्हा तितकीच वर गेली. वीजजाळ्याची वारंवारता, म्हणजे विजेचे सेकंदाला होणारे हेलकावे, ५० हर्ट्झच्या आसपास टिकली नाही तर केंद्रं एकामागून एक सुटत जातात आणि अंधार पसरतो. त्या रात्री देशातल्या जलविद्युत केंद्रांनी सुमारे १७,५०० मेगावॉट निर्मिती आधी खाली आणली आणि दिवे लागताच परत वर नेली. कोळशाने ते झेपलं नसतं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो. घरात घड्याळासमोर बसलो होतो आणि हात शिवशिवत होते. त्या वेळी देशभरातल्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्या सगळ्यांविषयी मला मनापासून कृतज्ञता आहे.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. सगळं जाळं बंद पडलं तर औष्णिक केंद्राला स्वतःचे पंप आणि पंखे चालवायलाच बाहेरून वीज लागते. जलविद्युत संच बॅटरी आणि एका छोट्या डिझेल जनित्रावर उभा राहतो आणि मग इतरांना उठवतो. आम्ही याला ब्लॅक स्टार्ट म्हणतो. वर्षानुवर्षं याची गरज पडत नाही, आणि पडते तेव्हा दुसरा इलाज नसतो.

सौर आणि वारा जसजसे वाढतील तसतशी या साठवणीची किंमत वाढत जाणार. दुपारची जादा सौरवीज वापरून खालच्या तळ्यातलं पाणी वरच्या तळ्यात चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं, याला उदंचन म्हणतात. शंभर युनिट खर्चून पाणी चढवलं तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. तोटा दिसतो, पण दुपारच्या पडून राहिलेल्या विजेची संध्याकाळची वीज होते. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. वरचं तळं घाटमाथ्यावर अकोले तालुक्यात, खालचं शहापूर तालुक्यात. भिऱ्यालाही १५० मेगावॉटचा असा संच आहे. राज्याने २०२३ मध्ये उदंचनासाठी वेगळं धोरण आणलं आणि आता सह्याद्रीच्या बऱ्याच कड्यांवर लोकांची नजर आहे. माझं मत विचाराल तर जुन्या धरणांच्या जोडीला हे आधी व्हावं. नवं जंगल बुडवणं शेवटी.

कोकणी माणसाने सगळ्यात जास्त बोलायला हवं ते मात्र अवजलाविषयी.

वीज काढून झाल्यावर विद्युतगृहातून जे पाणी बाहेर पडतं ते अवजल. कोळसा जळून जातो, पाणी जळत नाही. पोफळी-अलोऱ्यातून बाहेर पडलेलं पाणी वाशिष्ठीला मिळतं आणि दाभोळच्या खाडीकडे जातं. चिपळूणच्या पाणीपुरवठ्याचे पंप या नदीवर आहेत. उन्हाळ्यात पोफळीला निर्मिती कमी झाली की चिपळूणच्या नदीची पातळी उतरते आणि शहरात पाण्याची ओरड सुरू होते. एप्रिलमध्ये नदीकाठी उभं राहिलं तर वरच्या केंद्रात मशीन चालू आहे की बंद, ते पाण्याकडे बघूनच कळतं. रायगडातही हेच. टाटांचं खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरी १९२२ मध्ये, भिरा १९२७ मध्ये. मुंबईच्या गिरण्यांसाठी काढलेल्या त्या विजेचं अवजल आज पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिकेत वाहतं. त्यावर रसायनी आणि रोह्याचे कारखाने चालतात, उल्हासकाठच्या शहरांचे नळ चालतात, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून रोहा-माणगावकडचे कालवे निघतात आणि तिथे उन्हाळी भात होतो. कोलाडला कुंडलिकेवर पर्यटक राफ्टिंग करतात, तेही सकाळी वर वीज काढून पाणी सोडलं जातं म्हणून. शंभरेक वर्षं झाली तरी ती केंद्रं चालू आहेत. यंत्रं बदलली, तळी आणि कडे तेच. दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या वीजकेंद्राचं आयुष्य मी इतकं पाहिलेलं नाही.

पण हे पाणी मुळात आपल्या उतारावरचं नाही. ते कृष्णेच्या आणि भीमेच्या खोऱ्यातलं आहे, आणि त्याच खोऱ्यात खाली दुष्काळी तालुके आहेत. कोयनेतून पश्चिमेकडे वर्षाला किती पाणी वळवायचं यावर राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. एका टीएमसीत साधारण चार कोटी युनिट होतात, म्हणजे पूर्ण कोट्यात २७० कोटींच्या घरात. पाऊस कमी झालेल्या वर्षी सिंचनासाठी पूर्वेला पाणी सोडायचं की विजेसाठी पश्चिमेला, हा ओढाताणीचा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. त्या वेळी आम्ही एक एक तासाची निर्मिती मोजून वापरायचो. रात्री मशीन बंद ठेवायचं आणि संध्याकाळच्या तीन-चार तासांसाठी पाणी राखायचं. सांगली-सोलापूरच्या शेतकऱ्याने या पाण्यावर हक्क सांगितला तर त्यात चूक काहीच नाही, हे आपण कोकणातल्यांनी मान्य करायला हवं.

मुलाच्या बोलण्यात खरं आहे ते मला लपवायचं नाही. मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण झालंच. कोयनेसाठी उठलेली गावं कुठे रायगड-ठाण्याकडे गेली, कुठे सांगली-सोलापूरकडे. त्यांतल्या अनेकांच्या जमिनीचे आणि सोयींचे प्रश्न त्यांची नातवंडं आजही मांडत आहेत. मी पाळीला जाताना रोज बोगद्यातून आत शिरायचो. दिवे लख्ख असायचे, आणि त्याच तळ्यासाठी उठलेल्या लोकांच्या काही वाड्यांवर तेव्हा वीज पोचलेली नव्हती. ही गोष्ट मला आयुष्यभर सलत आली आहे. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. मोठ्या जलाशयाचा आणि भूकंपाचा संबंध जगभर अभ्यासला जातो आणि त्यात कोयनेचं नाव पहिल्या काहींत येतं. धरणाचं नंतर मजबुतीकरण झालं आणि आज त्या भागातल्या हालचाली सतत मोजल्या जातात.

पुराचंही सांगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा अफाट पाऊस, खाडीची भरती आणि नदीतला गाळ एकत्र आले. वरून सोडलेल्या पाण्याचा वाटा किती, यावर चिपळुणात आजही वाद आहे. तो वाद मी इथे सोडवणार नाही. पण अतिवृष्टीच्या इशाऱ्यात निर्मिती किती असेल आणि कधी वाढेल, हे नदीकाठच्या माणसाला आधी कळलंच पाहिजे. हा त्याचा हक्क आहे आणि केंद्रातून एक संदेश पाठवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आणि धरण म्हटलं की आपल्याकडे २ जुलै २०१९ चं तिवरे आठवतं. ते विजेचं धरण नव्हतं, लहानसं मातीचं धरण होतं. पण वीसहून अधिक माणसं त्या रात्री वाहून गेली. देखभालीत कसूर झाली की पाणी माफ करत नाही.

हवेच्या बाबतीत मात्र पारडं स्पष्ट आहे. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, आयपीसीसीच्या, २०१४ च्या अहवालात बांधकामापासून शेवटापर्यंतचं सगळं धरून एका युनिटामागे कोळशाचा कार्बन सुमारे ८२० ग्रॅम आणि जलविद्युतेचा २४ ग्रॅम धरला आहे. हा मधला आकडा. उष्ण प्रदेशात झाडं न तोडता जंगल बुडवलं तर ते कुजून मिथेन निघतो आणि आकडा बराच वर जाऊ शकतो. म्हणून उथळ पसरलेल्या तळ्यापेक्षा खोल आणि अरुंद तळं बरं, आणि घाटमाथ्यावर उंची इतकी मिळते की थोड्या पाण्यात काम भागतं. सरकारी व्याख्येत २५ मेगावॉटपर्यंतचेच प्रकल्प अक्षय ऊर्जेत धरले जायचे. मार्च २०१९ मध्ये केंद्राने मोठेही त्यात घेतले. पाऊस दरवर्षी येतो म्हणून ऊर्जा अक्षय आहे, यात शंका नाही. तिच्यासाठी घेतलेली जमीन मात्र परत येत नाही, एवढं मुलाला सांगा.

आता तुमचा पऱ्या.

त्याच्याकडे साठवण नाही, पण वेळ अचूक आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. एक किलोवॉटचं पॅनेल इतर वेळी दिवसाला चारेक युनिट देतं, ते त्या दिवसांत निम्म्यावर किंवा त्याखाली येतं. झाडं तारांवर पडून लाईट जाते तीही तेव्हाच. आणि पऱ्या तेव्हाच भरून वाहतो, दिवसरात्र. डिसेंबर-जानेवारीत पऱ्या आटतो तोवर आभाळ स्वच्छ झालेलं असतं. म्हणजे घरापुरतं बघायचं तर सौर आणि पऱ्या एकमेकांची उणीव भरून काढतात. कर्नाटकात मलनाडच्या डोंगरी घरांत असे लहान संच बरेच आहेत. आपल्याकडे पाऊस तोच, उतार तोच, संच मात्र हाताच्या बोटांवर. एक मर्यादा आधीच सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा पऱ्यांना पाणीच नव्हतं. मृग बरसून जमीन प्याली की मगच पऱ्या धावतो. पण मंडणगड-दापोलीकडे काही वाड्या पुढे कित्येक आठवडे अंधारात होत्या, आणि त्या आठवड्यांत संच चालले असते.

अंदाज काढायला सोपं सूत्र आहे. सेकंदाला किती लिटर पाणी मिळतं ते, गुणिले किती मीटर उंचीवरून, गुणिले पाच. उत्तर वॉटमध्ये. लहान संचात निम्मी शक्ती वाया जाते, ती धरूनच हा पाचाचा गुणक आहे. संगमेश्वर तालुक्यात एका वाडीवर मी बसवलेल्या संचाला ४५ मीटर उंची आणि सेकंदाला ४ लिटर पाणी आहे. म्हणजे ९०० वॉट. कमी वाटेल, पण ते चोवीस तास चालू असतं, दिवसाला एकवीस युनिट. त्यावर दिवे, पंखे, टीव्ही, फोन, लहान फ्रिज चालतो. मिक्सर लावायचा तर बाकीचं थोडं आवरावं लागतं. गीझर आणि विहिरीचा पंप यावर चालणार नाही, तशी अपेक्षा ठेवू नका.

त्याची रचना तुम्हाला परकी वाटणार नाही. आगरात आपण पाट काढून पाणी आणतो आणि सुपारीच्या खोडाच्या पन्हळीने झाडापर्यंत नेतो, तसंच हे आहे. वर पऱ्यात दगडांचा बुटका बांध, बाजूने पाणी घेणारं तोंड, त्यावर जाळी, मग गाळ बसायला लहानशी टाकी. तिथून ९० मिलिमीटरचा काळा प्लास्टिकचा (एचडीपीई) पाइप सरळ उतारावरून खाली यंत्राच्या खोपीपर्यंत. खर्चाचा मोठा भाग या पाइपातच जातो, म्हणून कमी लांबीत जास्त उंची मिळेल अशी वाट शोधायची. खाली तेरा मिलिमीटरचं नोझल, समोर बशीएवढं पेल्टन चक्र, त्याच अक्षावर जनित्र. ४५ मीटरच्या दाबाला झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. त्यात बोट घालू नये, हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. पाणी कमी होत जातं तसं नोझल बदलायचं; मी तेरा, नऊ आणि सहा मिलिमीटरची तीन तोंडं देतो.

माझा पहिला संच फसला, ते इथे सांगणं माझं काम आहे. जाळी मी उभी बसवली होती. पहिल्याच मोठ्या पावसात ऐन-किंजळीची पानं तिच्यावर थरावर थर बसली. घरच्यांनी जाळी काढून ठेवली आणि रात्री एक लहानसा खेकडा पाइपातून येऊन नोझलमध्ये अडकला. सगळं बंद. तेव्हापासून मी जाळी आडवी, किंचित तिरकी बसवतो. पाणी तिच्यातून खाली गळतं आणि पानं, खेकडे, काड्या वरच्या वरून घसरून पऱ्यात परत जातात. दुसरी चूक महाग पडली. एका पुरवठादाराकडून स्वस्तातला लोड कंट्रोलर, म्हणजे यंत्रावरचा भार सांभाळणारं उपकरण, घेतला. एका रात्री फांदी पडून घराची तार तुटली, यंत्रावरचा भार एकदम गेला, कंट्रोलरने काहीच केलं नाही आणि चक्र सुसाट सुटलं. त्याच तारेवरच्या शेजारच्या घरात व्होल्टेज इतकं चढलं की टीव्ही आणि सगळे बल्ब जळाले. त्या माउलीने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. टीव्ही मी भरून दिला. आता चांगला कंट्रोलर आणि जादा व्होल्टेजला तोडणारा स्विच यांशिवाय मी संच चालूच करत नाही. चांगला कंट्रोलर घरात न वापरलेली वीज पाण्यात बुडवलेल्या हीटरकडे वळवतो. यंत्रावरचा भार कायम राहतो आणि न्हाणीघरातलं पाणी तापतं. पावसात ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत घेणाऱ्या बायकांना या संचाचं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हेच.

दोन गोष्टींत तडजोड करू नका. पहिली, संचाची वायर आणि महावितरणची वायर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी दोन्हींतली एकच जोडणारा स्विच, हवाच. दोन्ही एकदम जोडल्या गेल्या तर तुमची वीज उलटी खांबावर चढते, आणि लाईट गेली म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. दुसरी, पऱ्या पूर्ण अडवायचा नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर जातात, त्यांना बांधात मोकळी फट ठेवायची आणि खालच्या वाडीचं पाणी तोडायचं नाही. आपण घेतलेलं पाणी यंत्रातून पुन्हा पऱ्यातच सोडतो, पण मधला दोन-अडीचशे मीटरचा पट्टा कोरडा पडता कामा नये. काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीला आणि खालच्या शेजाऱ्यांना विचारा. यंत्राची खोपी पऱ्याच्या काठाला बांधू नका. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आजवर पाणी कुठवर चढलं होतं, आणि त्याच्याही वर बांधा.

तुमचा पऱ्या मी पाहिलेला नाही, तेव्हा होईल की नाही ते आत्ताच सांगत नाही. तुम्ही एवढं करा. वीस लिटरची बादली घ्या, पऱ्याचं पाणी एका पन्हळीत घेऊन ती किती सेकंदात भरते ते मोजा. पाच सेकंदांत भरली तर सेकंदाला चार लिटर. हे जुलैच्या मध्याला, सप्टेंबरच्या शेवटी, दिवाळीत आणि नाताळाच्या आसपास असं चार वेळा करा. जुलैचा आकडा पाहून कोणीही हुरळतो, संच ठरवायचा तो दिवाळीच्या आकड्यावरून. उंचीसाठी गवंड्याची लेव्हलची नळी घेऊन टप्प्याटप्प्याने खाली या. नाहीतर बागेचा लांब पाइप वरपासून पाण्याने भरा आणि खालच्या टोकाला दाबाचा गेज लावा. एक किलोचा दाब म्हणजे दहा मीटर. चारही आकडे, उंची आणि वरच्या बांधापासून घरापर्यंतचं अंतर लिहून पाठवा. पाइप किती व्यासाचा घ्यायचा आणि नोझल केवढं, ते मी काढून देतो.